नाव यादीत असूनही दिसत नाही तेव्हा : टंकलेल्या अक्षरांची चाळणी आणि तिच्यातील सुधारणा

मतदारयादीतील नाव, जमिनीच्या नमुना १ व १४ मधील कब्जेदार, औषधालयातील साठ्याची नोंद, ग्रंथालयाची सूची किंवा भ्रमणध्वनीतील संपर्क यांपैकी बहुतेक याद्या आज कोणी डोळ्यांनी वाचून काढत नाही. यादीच्या वर एक रिकामी चौकट असते. तीत दोन-चार अक्षरे टंकली की यादी आक्रसत जाते आणि त्या अक्षरांशी जुळणाऱ्या नोंदी तेवढ्या उरतात. संगणकाच्या परिभाषेत या सोयीला फिल्टर म्हणतात. मराठीत तिला चाळणी म्हणता येईल.

चाळणीत दोन प्रकारचे दोष संभवतात. नको ते नाव दाखवणे हा एक आणि हवे ते नाव लपवणे हा दुसरा. पहिल्या दोषाची किंमत एका दृष्टिक्षेपाइतकी असते. जास्तीची ओळ वाचून माणूस पुढे जातो. दुसऱ्या दोषाची किंमत मात्र कळतही नाही, कारण न दिसलेली नोंद ‘मी इथे आहे’ असे सांगू शकत नाही. यादी रिकामी झाली की पाहणारा ‘आपले नाव वगळले गेले’ असा निष्कर्ष काढतो, कचेरीत हेलपाटा घालतो किंवा तीच नोंद पुन्हा नव्याने करतो. त्यामुळे चाळणी सुधारण्याचे बहुतेक उपाय या दुसऱ्या दोषाच्या निवारणासाठी असतात. देवनागरीत आणि अनेक लिप्यांत नावे लिहिणाऱ्या प्रदेशांत त्यांची गरज विशेष आहे.

शोध आणि चाळणी

शोध आणि चाळणी या जवळच्या असल्या तरी भिन्न क्रिया आहेत. शोधात वापरकर्ता पूर्ण शब्द लिहितो, आज्ञा देतो आणि उत्तराची वाट पाहतो. चाळणीत प्रत्येक कळ दाबताच यादी बदलते. म्हणजे अपुऱ्या शब्दावरही उत्तर द्यावे लागते. ‘सा’ एवढेच टंकले असता साखळी, सांगे, सावर्डे ही सर्व नावे दिसली पाहिजेत आणि ‘साख’ होताच एकच उरले पाहिजे. वापरकर्त्याला नाव पूर्ण आठवत नसले तरी चालते, कारण ओळखणे हे आठवण्यापेक्षा सोपे असते. चाळणीची उपयुक्तता या तत्त्वावर उभी आहे.

या पद्धतीचा इतिहास पुष्कळ जुना आहे. १९७६ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत घडू लागलेल्या ईमॅक्स या मजकूर-संपादकात अक्षरागणिक पुढे सरकणारा शोध रूढ झाला. शब्दांचा अक्षरवृक्ष रचून समान आरंभाचे शब्द एका फांदीवर ठेवण्याच्या पद्धतीला एडवर्ड फ्रेडकिन यांनी १९६० मध्ये ‘ट्राय’ हे नाव दिले. मोठ्या याद्या क्षणात चाळण्यासाठी ती आजही वापरली जाते. सर्वसामान्यांना या सोयीची सवय लागली ती डिसेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘गुगल सजेस्ट’ने, टंकत असतानाच खाली सूचना दाखवून. त्यानंतर शोधचौकट नसलेली यादी अपुरी वाटू लागली.

जुळणीचे प्रकार

टंकलेली अक्षरे आणि नोंद ‘जुळली’ असे कधी म्हणावे, याचे अनेक नियम आहेत. सर्वांत कडक नियम आरंभजुळणीचा : नोंदीची सुरुवात टंकलेल्या अक्षरांनी झाली पाहिजे. तो वेगवान असतो, परंतु नोंदीत आडनाव आधी आणि नाव नंतर असेल तर नावाने शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्यावर पहिला उपाय म्हणजे नोंदीतील कोणत्याही शब्दाचा आरंभ ग्राह्य धरणे. दुसरा उपाय म्हणजे टंकलेल्या शब्दांचा क्रम दुर्लक्षून प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे जुळवणे. या दोन सुधारणा अल्पखर्चिक आहेत आणि नावांच्या यादीत त्यांचा लाभ लगेच दिसतो.

त्याहून सैल नियम अंशजुळणीचा. टंकलेली अक्षरे नोंदीत कोठेही सलग आढळली तरी पुरे. ‘गाव’ टंकल्यास मडगावही दिसते. आणखी सैल म्हणजे क्रमजुळणी : अक्षरे त्याच क्रमाने, पण मध्ये इतर अक्षरे असली तरी चालतील. प्रोग्रामरांच्या वापरातील, २०१३ पासून प्रचलित असलेल्या ‘एफझेडएफ’ या साधनाची जुळणी या प्रकारची आहे. संगणकातील फायलींच्या लांब नावांसाठी हा नियम उत्तम ठरतो. माणसांच्या नावांसाठी मात्र तो फार सैल पडतो, कारण दोन-तीन अक्षरांवर अर्धी यादी जुळते.

मराठीत आणखी एक अडचण सामान्यरूपाची आहे. ‘गोवा’ हा शब्द ग्रंथनामात ‘गोव्याचा’, ‘गोव्यातील’ असा येतो. ‘पुणे’ हे ‘पुण्यात’ होते. ‘म्हापसा’ हे ‘म्हापशाची’ होते. ग्रंथालयाच्या सूचीत ‘गोवा’ टंकणाऱ्याला ‘गोव्याचा’ या शब्दाने सुरू होणारी पुस्तके आरंभजुळणीने दिसणार नाहीत, कारण चौथ्या खुणेपाशी ‘ा’ आणि ‘्’ यांची फारकत होते. ‘गोव’ टंकल्यास मात्र दोन्ही दिसतात. म्हणून शीर्षकांच्या यादीत शब्दाच्या अंत्य स्वराला गौण मानणारा नियम मराठीला मानवतो.

डोळ्यांना एक, यंत्राला निराळे

देवनागरीची खरी अडचण याहून खोल आहे. संगणक अक्षरांची तुलना त्यांच्या आकारावरून करीत नाही; त्यांच्या क्रमांकावरून करतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीसाठी १२८ जागांचा मुख्य पट्टा राखलेला आहे. त्यात एकच दिसणारा शब्द एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो.

वकिलांच्या नावापूर्वी येणारे ‘ॲड.’ हे त्याचे रोजच्या पाहण्यातले उदाहरण. यातील पहिले अक्षर ‘ॲ’ हे २००८ मध्ये युनिकोडात स्वतंत्र अक्षर म्हणून दाखल झाले. त्यापूर्वी लोक ‘अ’ वर चंद्राची खूण देऊन ‘अॅ’ लिहीत किंवा ‘ऍ’ हे अक्षर वापरीत. तिन्ही रूपे आजही याद्यांत सापडतात. वाचकासाठी ती एक आहेत. यंत्रासाठी तीन भिन्न शब्द आहेत. युनिकोडच्या प्रमाण एकरूपीकरणानेही ती एक होत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो.

‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतील आडव्या रफाराचीही हीच गत. तो ‘ऱ’ या अक्षराला हलन्त जोडून लिहिता येतो किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य सांधा अशा तीन खुणांनी लिहिता येतो. दोन्ही रीती युनिकोडला मान्य आहेत. असे अदृश्य सांधे व विरामचिन्हे संकेतस्थळावरून उतरवून घेतलेल्या मजकुरासोबत नकळत यादीत शिरतात आणि नुसत्या डोळ्यांनी कधीच सापडत नाहीत.

लेखनभेदही कमी नाहीत. ‘संत’ आणि ‘सन्त’ यांत अनुस्वार व परसवर्ण यांचा भेद आहे. ‘मडगाव’ आणि ‘मडगांव’ यांत जुन्या अनुस्वाराचा. ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ यांत ह्रस्व-दीर्घाचा. ‘कुलकर्णी’ आणि ‘कुळकर्णी’ यांत ल-ळचा. सर्व्हे क्रमांक देवनागरी अंकांत नोंदलेला असेल आणि शोधणाऱ्याच्या कळफलकावर इंग्रजी अंक असतील, तर एकच आकडा यंत्राला परका वाटतो. युनिकोडपूर्व काळातील फाँटांत तयार झालेल्या फायलींची गोष्ट तर याहून वेगळी. त्यांत दिसायला देवनागरी असली तरी आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. अशा फायलींचे रूपांतर झाल्यावाचून त्यांवर कोणतीही चाळणी चालत नाही.

टंकलेखनाची पद्धतही चाळणीला चकवते. इंग्रजी कळांवरून उच्चारानुसारी मराठी लिहिणाऱ्या काही प्रणालींत पहिल्या कळेला ‘क्’ उमटतो आणि स्वराची कळ दाबल्यावर त्याचा ‘क’ होतो. चाळणीने ‘क्’ जसाच्या तसा घेतला, तर ‘कामत’ आणि ‘कदम’ क्षणभर गळून ‘क्षीरसागर’ तेवढा उरतो आणि पुढच्याच कळेला यादी पुन्हा बदलते. टंकलेल्या मजकुराच्या शेवटचा हलन्त तुलनेपुरता वगळला की हा लपंडाव थांबतो.

तुलना-रूप : सर्वांत फलदायी सुधारणा

या सर्वांवरचा उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीचे दोन अवतार ठेवणे. एक मूळ रूप, जे पडद्यावर दिसते आणि ज्याला कोणी हात लावीत नाही. दुसरे तुलना-रूप, जे केवळ जुळणीसाठी असते आणि कधीच दाखवले जात नाही. टंकलेला मजकूरही त्याच प्रक्रियेतून काढून मगच तुलना केली जाते. मराठीसाठी ही प्रक्रिया साधारणतः पुढील पायऱ्यांची असते :

१. युनिकोडच्या प्रमाण पद्धतीने एकरूपीकरण करणे.
२. अदृश्य सांधे काढून टाकणे व लागोपाठच्या मोकळ्या जागांची एक जागा करणे.
३. ‘ॲ’, ‘अॅ’, ‘ऍ’ यांचे एकच रूप करणे. ‘ऱ’ चा ‘र’ करणे.
४. परसवर्ण अनुस्वारात बदलणे.
५. इकार व उकार यांतील ह्रस्व-दीर्घ भेद पुसणे.
६. सर्व अंक एकाच लिपीत आणणे.
७. शब्दान्ती एकटा उरलेला हलन्त वगळणे.

यात काही भेद जाणूनबुजून गमावले जातात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे खोरी. तुलना-रूपात दोन्ही एक होतात. ‘दिन’ आणि ‘दीन’ हेही एक होतात. भाषेच्या दृष्टीने हे अशुद्ध आहे, पण तुलना-रूप ही भाषा नव्हे. ती शोधण्याची खूण आहे. या सैलपणाने एखादी ओळ जास्त दिसते, परंतु कोणतीही ओळ लपत नाही. शिवाय हुबेहूब जुळणारी नोंद सर्वांत वर ठेवली की जास्तीच्या ओळीचा त्रासही उरत नाही. मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. तुलना-रूप कधीही मूळ नोंदीच्या जागी साठवू नये, अन्यथा चाळणीच्या सोयीसाठी माणसाचे नावच बदलून जाईल.

एक गाव, अनेक नावे

गोव्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९६१ पर्यंतच्या पोर्तुगीज राजवटीत गावांची व माणसांची नावे पोर्तुगीज वळणाने रोमन लिपीत लिहिली गेली आणि त्यांतील पुष्कळ लेखने आजही चालू आहेत. १९८७ च्या राजभाषा अधिनियमाने देवनागरीतील कोकणी ही राजभाषा ठरली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. परिणामी एकाच गावाचे रोमन, मराठी आणि कोकणी असे तीन अवतार व्यवहारात असतात.

यांतील काही भेद नियमांत बसतात. पोर्तुगीज लेखनात ‘क’ साठी सी किंवा क्यू, ‘श’ साठी एक्स येतो आणि शब्दान्तीचा एम बहुधा स्वराची अनुनासिकता दाखवतो. त्यामुळे क्यू व एम असलेले ‘क्यूपेम’ म्हणजे केपे आणि एक्सने सुरू होणारे लेखन म्हणजे शेल्डे, हे यंत्राला शिकवता येते. परंतु डिचोलीचे रोमन लेखन बी या अक्षराने सुरू होते आणि कोकणीत तिला दिवचल म्हणतात. हडफड्याचे रोमन रूप अर्पोरा, हळदोण्याचे आल्डोना, मयड्याचे मोयरा. ही रूपे कोणत्याही ध्वनिनियमाने एकमेकांपर्यंत नेता येत नाहीत. त्यांसाठी पर्यायनामांची सारणी लागते, म्हणजे प्रत्येक गावापुढे त्याची सर्व प्रचलित नावे नोंदलेली असावी लागतात. गोव्यातील गावांची संख्या मर्यादित असल्याने अशी सारणी एकदा काळजीपूर्वक केली की कायमची उपयोगी पडते.

हा अनुभव गोव्यापुरता नाही. सीमाभागातील बेळगावचे अधिकृत नाव नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले. इंग्रजी कागदपत्रांतील जुने रूप बेलगाम असे होते. मराठीतील इंदूर हिंदीत इंदौर, ग्वाल्हेर हे ग्वालियर आणि बडोदे हे वडोदरा आहे. प्रचलित हिंदी लेखनात ‘ळ’ नसल्याने मध्य प्रदेशातील मराठी कुटुंबांचे ‘काळे’ हे आडनाव कागदोपत्री ‘काले’ होऊन बसते. वारसाहक्काच्या किंवा शैक्षणिक कागदपत्रांत दोन राज्यांतील नोंदी ताडून पाहाव्या लागतात, तेव्हा हा एका अक्षराचा फरक महाग पडतो.

लिप्यांमधील अंतर मात्र वाटते तेवढे मोठे नाही. युनिकोडातील भारतीय लिप्यांचे पट्टे आयएससीआयआय या भारतीय संकेताच्या धर्तीवर समांतर रचलेले आहेत. देवनागरी ‘क’ आपल्या पट्ट्यात ज्या जागी आहे, त्याच जागी गुजराती आणि कन्नड पट्ट्यांत तेथील ‘क’ आहे. त्यामुळे गुजराती किंवा कन्नड लिपीतील नाव देवनागरीतून शोधण्यासाठी बऱ्याच अंशी ठरावीक अंतराची बेरीज-वजाबाकी पुरते. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ह्रस्व-दीर्घ वेगळे असतात, यासारखे थोडे अपवाद तेवढे हाताळावे लागतात.

चुका सोसणारी चाळणी आणि तिची मर्यादा

नावे ऐकून लिहिली जातात, म्हणून ध्वनीवरून जुळवणी करण्याची कल्पना संगणकापूर्वीची आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांना १९१८ मध्ये ज्या पद्धतीचे पेटंट मिळाले, ती पुढे साउंडेक्स म्हणून प्रसिद्ध झाली आणि तेथील जनगणनेच्या पत्रकांसाठी वापरली गेली. तीत नावाचे पहिले रोमन अक्षर ठेवून पुढील व्यंजनांना अंक दिले जातात आणि स्वर गाळले जातात.

गोव्यातील आडनावांवर ही पद्धत लावून पाहिली असता तिचे गुण व दोष दोन्ही दिसतात. ‘नाईक’ हे के वापरून लिहा किंवा पोर्तुगीज वळणाने क्यू वापरून लिहा, साउंडेक्स दोन्हींना ‘एन २००’ हाच संकेत देतो. येथे तो यशस्वी होतो. ‘काकोडकर’ हे नाव के ने लिहिल्यास संकेत ‘के २३२’ येतो आणि सी ने लिहिल्यास ‘सी २३२’. अंक तंतोतंत सारखे, पण पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवण्याच्या नियमामुळे दोन्ही नावे परस्परांना परकी ठरतात. ‘कामत’ आणि त्याचे पोर्तुगीज रूप ‘कामोतीम’ यांचे अंकही जुळत नाहीत. इंग्रजी नावांसाठी घडलेली पद्धत आहे तशी उचलून चालत नाही. ध्वनिनियम त्या प्रदेशाच्या लेखनपरंपरेवरून घडवावे लागतात.

टंकनदोषांसाठी दुसरे माप वापरतात. एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यासाठी किती अक्षरे घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, ती संख्या म्हणजे त्या दोन शब्दांमधील अंतर. सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये ते मांडले. ‘देसाई’ आणि ‘देसाइ’ यांतील अंतर एक आहे, म्हणून एका चुकीची मुभा दिली की नाव सापडते. मात्र ‘काणे’ आणि ‘काळे’ यांतील अंतरही एकच आहे आणि ती दोन वेगळी घराणी आहेत. लहान शब्दाला एका चुकीची मुभाही फार होते. म्हणून ही सवलत शब्दाच्या लांबीच्या प्रमाणात द्यावी, पहिल्या दोन-तीन अक्षरांपर्यंत मुळीच देऊ नये आणि नेमकी जुळणी मिळाली असेल तर अशा अंदाजी नोंदी खाली, वेगळ्या शीर्षकाखाली दाखवाव्यात.

दाखवण्यात उदार असलेली चाळणी निवडीत काटेकोर असावी लागते. ज्या यादीतून पैसे पाठवायचे, औषध द्यायचे किंवा नोंद रद्द करायची, तेथे जवळचे पण चुकीचे नाव निवडले जाण्याचा धोका मोठा असतो. अशा ठिकाणी नावासोबत वडिलांचे किंवा पतीचे नाव, गाव आणि नोंदक्रमांक दिसणे आवश्यक आहे. यादीत एकच नोंद उरली म्हणून ती आपोआप निवडली जाऊ नये.

क्रम, वेग आणि स्थैर्य

जुळलेल्या नोंदी कोणत्या क्रमाने दाखवायच्या, यावर चाळणीचा निम्मा उपयोग अवलंबून असतो. सर्वमान्य क्रम असा : हुबेहूब जुळणी, नोंदीच्या आरंभी जुळणी, शब्दाच्या आरंभी जुळणी, शब्दाच्या मध्ये जुळणी आणि शेवटी अंदाजी जुळणी. प्रत्येक गटात यादीचा मूळ क्रम राखावा. आकड्यांच्या बाबतीत ‘४५’ टंकल्यावर सर्व्हे क्रमांक ४५ सर्वांत वर हवा, ४५० त्यानंतर. आणि ४५/२ हा ४५/१० च्या आधी यायला हवा. अंक अक्षरांप्रमाणे लावले तर हा क्रम उलटतो.

वेगाविषयीची मापे जुनी व स्थिर आहेत. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये संगणकाच्या प्रतिसादकालाचा अभ्यास मांडला. पुढे जेकब नीलसन यांनी १९९३ मध्ये त्याच धर्तीवर तीन मर्यादा रूढ केल्या. सुमारे ०.१ सेकंदाच्या आत घडलेला बदल तत्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी टिकते आणि १० सेकंदांनंतर लक्ष उडते. यादी उपकरणातच असेल तर काही हजार नोंदी पहिल्या मर्यादेत सहज चाळता येतात. यादी दूरच्या सर्व्हरवर असेल तर प्रत्येक कळेगणिक विचारणा न करता टंकणारा क्षणभर थांबला की करावी.

दूरच्या यादीत एक छुपा दोष वारंवार आढळतो. ‘सा’ ची विचारणा आधी गेली आणि ‘साख’ ची नंतर. पण मंद जाळ्यामुळे पहिल्याचे उत्तर उशिरा आले आणि त्याने दुसऱ्याचे उत्तर पुसले. चौकटीत ‘साख’ आहे, खाली यादी मात्र ‘सा’ ची आहे. प्रत्येक विचारणेला अनुक्रमांक देऊन जुनी उत्तरे टाकून देणे हा त्यावरचा साधा इलाज आहे.

जुळलेला भाग ठळक करणे वाचकाला उपकारक असते, परंतु देवनागरीत तो जोडाक्षराच्या मधोमध तोडल्यास अक्षर फुटते आणि मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. ठळकपणा पूर्ण अक्षराच्या सीमेवर सुरू व्हावा आणि संपावा. केवळ कळफलकावर काम करणाऱ्यांना बाणाच्या कळांनी यादीत उतरता आले पाहिजे. पडदावाचकावर अवलंबून असलेल्या दृष्टिबाधितांना किती नोंदी उरल्या, हे आवाजातून कळले पाहिजे.

रिकाम्या यादीने काय सांगावे

चाळणीची परीक्षा यादी रिकामी होते तेव्हा होते. ‘काही आढळले नाही’ एवढ्याच वाक्यातून तीन वेगळ्या गोष्टी लपू शकतात : नोंद खरोखर नाही, नोंद आहे पण लेखन वेगळे आहे, किंवा चाळणीने पूर्ण यादी पाहिलीच नाही. तिसरी शक्यता दुर्लक्षिली जाते, पण ती विरळ नाही. अनेक प्रणाली यादीचे पहिले पन्नास-शंभर भाग उतरवून घेतात आणि चाळणी तेवढ्यावरच चालवतात. पुढच्या पानावरील नाव तिच्या लेखी अस्तित्वातच नसते. आधी निवडलेला तालुका किंवा वर्ष तसेच राहिल्यानेही हेच घडते.

म्हणून चांगल्या रिकाम्या यादीने आपण काय शोधले, किती नोंदींत शोधले, कोणते अन्य निर्बंध लागू होते, हे सांगावे आणि सर्वांत जवळची दोन-तीन नावे सुचवावीत. निर्बंध काढण्याची सोय तेथेच असावी. नवी नोंद करण्याचे बटण या सूचनांच्या खाली असावे, वर नव्हे. एकाच व्यक्तीच्या दुबार नोंदी बऱ्याचदा याच जागी जन्माला येतात.

तपासणी कशी करावी

यादी चालवणाऱ्या कचेरीला किंवा संस्थेला चाळणीची पारख करण्यासाठी मोठ्या साधनसामग्रीची गरज नाही. जुळायलाच हव्यात अशा आणि मुळीच जुळू नयेत अशा जोड्यांची दोन टिपणे पुरतात. पहिल्यात ‘ॲड.’ची तिन्ही रूपे, पाटील-पाटिल, डिचोली व तिचे रोमन रूप, दोन लिप्यांतील अंक. दुसऱ्यात काणे-काळे यांसारखी नावे. प्रणालीत बदल केल्यावर प्रत्येक वेळी ही टिपणे ताडून पाहावीत. ज्या शब्दांना शून्य उत्तरे आली, त्यांची मोजदाद ठेवल्यास पर्यायनामांच्या सारणीत काय राहिले तेही उमगते. मात्र ती नावे कोणी शोधली याची नोंद ठेवण्याचे कारण नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा अधिनियम लक्षात घेता हा विवेक आवश्यक ठरतो.

या सुधारणा सर्वत्र होईपर्यंत यादी पाहणाऱ्यानेही काही गोष्टी ध्यानात ठेवलेल्या बऱ्या. पूर्ण नाव न टंकता पहिली दोन-तीन अक्षरे टंकावी आणि शेवटची मात्रा सोडावी. अनुस्वार किंवा ह्रस्व-दीर्घ जेथे येतो, त्याच्या आधीच थांबावे. आडनावाने न सापडल्यास नावाने, देवनागरीने न सापडल्यास रोमन लिपीने, गावाच्या आजच्या रूपाने न सापडल्यास जुन्या रूपाने पाहावे. तालुका, प्रभाग, वर्ष यांचे निर्बंध आधी मोकळे करावेत. एवढे करूनही यादी रिकामी राहिली, तर कचेरीतील संपूर्ण यादी किंवा मूळ नोंदवही पाहण्याची मागणी करावी आणि तोवर नवी नोंद करू नये.